साळूच्या खिंडीतली कुंची

“कचरा आहे तो, गोदे. कचरा!”

“कचरा नाही, वन्सं. कुणीतरी हातानं मांडून ठेवलंय.”

“मग मांडून ठेवलेला कचरा. टाक पिशवीत.”

“मी हात लावणार नाही.”

“नको लावूस! मी लावते. तू तुझी ती गोधडी सांभाळ. सगळ्यांना स्लीपिंग बॅग आणायला सांगितली, आणि ही बाई आईची गोधडी पाठीवर घेऊन आली. वर त्यात सुई टोचलेली. सुई!”

ऐका! भांडण इथवर आलं होतं. सकाळी एस.टी.तून उतरल्या तेव्हा सुरू झालेलं, ते दिवे लागायच्या वेळेला ऐन खिंडीत पोचलं. ते थांबलं कसं, कुणाच्या तोंडच्या कुठल्या वाक्यानं थांबलं, ते सांगते. पण मधे कुणी उठायचं नाही. ज्याला परसाकडं जायचंय त्यानं आत्ताच जाऊन या. नंतर एकट्यानं जाववणार नाही, आणि मी काही कंदील घेऊन सोबतीला येणार नाही.

आलात? बसा. सरकून बसा.

या चौघी कऱ्हाडच्या. पाठीवर बिऱ्हाड बांधून डोंगरात मुक्काम करायचा, असं ठरवून निघालेल्या. पुढारीण होती प्रभा. मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. चाळिशी गाठलेली, लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आवाज शिट्टीसारखा. दुसऱ्यांच्या मागून खूप डोंगर फिरलेली, पण आपण माणसं जमवून नेण्याची ही तिची पहिलीच खेप. म्हणून जरा जास्तच ताठ. तिच्याच शाळेतल्या नलूबाई, भूगोलाच्या. अंगानं भरलेल्या, जिभेनं त्याहून. तिसरी मेघना, लहानखुरी, शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. स्टोव्ह तिच्याकडं. आणि चौथी ही गोदा. प्रभाच्या धाकट्या भावाची बायको. डोंगर तिनं आजवर गाडीच्या खिडकीतून बघितलेला.

आता गोदाचं एक गुपित. तुम्हाला सांगते, त्या तिघींना माहीत नव्हतं. गोदाला दिवस गेले होते. दुसरा महिना. आणि याच्या आधीचं एक पोटातच गेलं होतं.

आता तू म्हणशील, हो, तूच, ती तोंड वाकडं करून बसलेली, की अशा दिवसांत बाई डोंगरात जाते कशाला? अगं, पहिलं गेल्यापासून घरात तिला लोणच्याच्या बरणीसारखी फळीवर ठेवली होती. बादली उचलू नको. जिना चढू नको. मोठ्यानं हसू नको. सासू येईल त्याला सांगायची, हिच्या हातून सांडलं. सांडलं! जसं काही दूधच. साऱ्या घरात एक प्रभा तेवढी म्हणाली, “गोदे, ऊठ. चल माझ्याबरोबर.” सॅकसुद्धा तिनंच आणून दिली. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी गोदाची खात्री पटली. सांगावं तर पुन्हा फळी. न सांगावं तर डोंगर. नवऱ्याच्या कानात सांगितलं, पोटावर हात ठेवला, आणि धरला डोंगर. मला विचाराल तर मीही तेच केलं असतं. पण विचारू नका.

आता खिंड सांगते. नीट ऐका, इथंच सगळं आहे.

दोन्ही अंगाच्या गावांतली माणसं ती खिंड मुक्यानं ओलांडायची. गुराखी गाईच्या गळ्यातली घंटा मुठीत धरायचा. बायका पैंजण काढून कनवटीला लावायच्या. खोकला आला तर पदराचा बोळा तोंडात. का? तर तिथं कुणीतरी बाळ निजवत बसलेलं असतं, म्हणून. आणि पोटुशी बाई तिथून गेली, की अंजनीच्या झाडाखाली एक चपटा धोंडा आहे, त्यावर काहीतरी ठेवून जायची. हिरव्या बांगड्या. लाकडी फणी. तेलाची कुपी. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची कुंची. ठेवायचं, हात जोडायचे, मागं न बघता उतरायचं. कुणाला कधी काही झालं नाही हो! कधीच नाही.

पण या ज्या अंगानं चढल्या, तिकडचं गाव केव्हाच धरणात गेलेलं. वाटेत सांगणार कोण? त्यात नलूबाईंच्या बुटानं दुपारी आ वासला. तळ एकीकडं, बूट एकीकडं. दोरीनं बांधत, सोडत, परत बांधत चालल्या. उशीर झाला. नाहीतर दिवसाउजेडी पार झाल्या असत्या.

आणि प्रभाचा नियम! आपण नेलेलं खाली आणायचंच, पण दुसऱ्यानं टाकलेलंही उचलून खाली न्यायचं. नियम चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण नियमाला डोळे नसतात, ते आपण द्यायचे असतात. प्रभानं खताची पिवळी पिशवी उघडली, आणि धोंड्यावरचं एकूण एक सामान आत सारलं. बांगड्या गेल्या. फण्या गेल्या. ऊन-पावसानं विटलेल्या कुंच्या गेल्या. धोंडा लख्ख! ताट घासून पालथं घातल्यासारखा.

“वन्सं, हे ओटीचं सामान आहे हो. कुणाचं तरी मागणं असणार.”

“मागणं मागायला देवळं कमी पडली काय? जंगलात काचा पसरायच्या! उद्या एखाद्या जनावराच्या पायात गेली म्हणजे?”

“तुम्ही दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातलं उचलाल का असं?”

“देव्हारा असता तर नसतं उचललं. हा उकिरडा आहे. आण तुझी सॅक. माझ्याकडं तंबू आहे, तुझ्या गोधडीला जागा आहे तर याला का नाही?”

आणि प्रभानं ती पिशवी गोदाच्या सॅकवर दोरीनं करकचून बांधली. गोदा ओरडली. प्रभा तिच्यावर ओरडली. नलूबाई म्हणाल्या, “अगं, घरी जाऊन भांडा, तिथं बघायला माणसं तरी असतील!” तर त्यांच्यावर दोघी ओरडल्या. खिंडीच्या दोन्ही कड्यांनी तो आवाज झेलला, परत फेकला. परत झेलला, परत फेकला. जिथं गाईची घंटा वाजू दिली नाही कुणी, तिथं!

मग एकदम शांत झालं. नको इतकं शांत. रातकिडे गप्प.

“चहा करू या का?” मेघना हळूच म्हणाली.

तिथंच, खिंडीच्या तोंडाशी, स्टोव्ह पेटवला. रागावलेल्या बायका चहाकडं बघत बसल्या. पातेलं उतू जायला आलं. गोदा पुढं झाली, हाताला जवळ लागेल ते फडकं ओढलं, पातेलं धरलं. फडक्याचं टोक जाळात गेलं. भुर्रकन पेटलं! गोदानं पायाखाली घालून विझवलं, आणि बघते तर काय? फडकं कुठलं! पिवळ्या पिशवीच्या तोंडातून बाहेर आलेली एक कुंची. अर्धी जळून गेलेली.

तिघींचं लक्ष चहात. कुणी पाहिलं नाही. गोदानं काय करावं? सांगावं की नाही? नाही सांगितलं! मुकाट्यानं चोळामोळा केला, पिशवीत कोंबली. का, तर भांडणात आपली बाजू पडती होऊ नये म्हणून. दिवसभर “हात लावू नका” म्हणत आपणच जाळली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

माणसाचं असंच असतं बघा. भुताला घाबरत नाही तेवढं नणंदेला घाबरतं.

निघाल्या उतरायला. काळोख पडलेला. कपाळाला बॅटऱ्या बांधलेल्या. पुढं मेघना, मग नलूबाई, मग गोदा, शेवटी प्रभा. पुढारणीनं शेवटी चालायचं, कुणी मागं राहू नये म्हणून. हाही नियमच.

थोडं उतरल्या आणि नलूबाई थांबल्या. नाक वर केलं. “कुणाच्या घरी बाळंतीण आहे गं इथं?”

खरंच! वास आला. शेगडीवर शेपा-ओवा टाकल्यावर धूर होतो ना, तो. बाळंतिणीच्या खोलीचा वास. भर रानात. ना घर, ना दार, ना कुठं दिवा.

“रानतुळस असेल,” प्रभा मागून म्हणाली. “चला.”

चालल्या. मग गोदाला मागून आवाज आला. किण्. किण्. पाऊल टाकलं की किण्.

“वन्सं, बांगड्या वाजताहेत.”

“माझ्या हातात बांगड्या बघितल्यास का कधी? चल पुढं.”

किण्. किण्.

पिशवीतल्या असतील, गोदानं मनाशी म्हटलं. पिशवी आपल्याच पाठीवर आहे. पण आवाज पाठीवरून येत नव्हता हो. पाठीच्या मागून येत होता!

मग सॅक जड व्हायला लागली. आधी वाटलं, दमलो. मग वाटलं, पट्टा रुतला. मग लक्षात आलं, सॅक ऊन लागतेय. पाठीला ऊब. झोपलेलं मूल पाठुंगळीला घेतल्यावर लागते, तशी. गोदा वाकली, तर ते पाठीवरचं ओझं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झालं. आपणहून! आणि मग, ऐका, मग पाठीवरून कोमट काहीतरी ओघळलं. कंबरेपर्यंत. अंगातला पंजाबी झगा भिजला.

“नलूबाई, माझ्या पाठीवर बघा ना जरा.”

नलूबाईंनी हात लावला. हुंगला. “बाटली सांडली असेल,” म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बदलला. भूगोलाच्या असल्या तरी तीन लेकरं वाढवलेली बाई. त्यांना काय कळलं नसेल?

तेवढ्यात खालून हाक आली. “इकडनं या गं! वाट इकडंच आहे!”

मेघनाचा आवाज. चांगला स्पष्ट. तिघी वळल्याही त्या बाजूला. आणि नलूबाईंच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली मेघना रडवेल्या स्वरात म्हणाली, “मी इथं आहे. मी हाक नाही मारली.”

हुंकार देऊ नका आता. गप्प बसून ऐका.

पळाल्या त्या. वाट असेल तिकडं, नसेल तिकडं. करवंदीत झगे फाटले, नलूबाईंचा बूट कायमचा गेला. उतार, उतार, उतार. पाय उताराला लागलेले, त्यात शंका नाही. गुडघे सांगत होते उतार आहे म्हणून. आणि झाडं संपली, समोर मोकळं आलं, बॅटरीचा उजेड पडला. कशावर?

चपट्या धोंड्यावर. अंजनीचं झाड. खिंड!

उतरून उतरून वरच आल्या होत्या.

आणि धोंड्यावर प्रभा बसलेली.

अगं, ती तर शेवटी चालत होती! मागं होती! कधी पुढं गेली, कशी गेली? बसली होती पाय लांब सोडून, बाळाला न्हाऊ घालायला बसतात तशी. केस मोकळे. आणि दोन्ही हात, मनगटापासून कोपरापर्यंत, हिरव्यागार बांगड्यांनी भरलेले. त्याच विटलेल्या बांगड्या, पण आत्ता कासारानं भरल्यासारख्या चमकत होत्या.

गोदानं पाठीवर हात नेला. पिवळी पिशवी रिकामी. तळाशी जळक्या कुंचीचं तेवढं बोचकं.

“वन्सं!”

प्रभानं मान वर केली. डोळे प्रभाचे, नजर दुसरीचीच. आणि आवाज? ती शिट्टी कुठच्या कुठं गेलेली. खोल, ओला, खेड्यातल्या बाईचा आवाज.

“भांडलासा. आमीबी हितंच भांडलो व्हतो. नणंद म्हनली गठुडं तू उचल. मी म्हनलं माजं दिस भरल्यात, तू उचल. ती गेली म्होरं फणकाऱ्यानं. मी साळू. म्हायेराला निघाल्याली. कळा आल्या तवा हाका मारल्या मी तिला. लय हाका मारल्या. वळली न्हाई.”

मेघना मटकन खाली बसली. नलूबाईंनी देवाचं नाव घ्यायचं म्हणून तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

“एवडा काळ निजवत व्हते मी माज्या बाळाला. तुमी वरडलासा. उठलं ते. आता रडतंय. त्येची कुंची कुटं हाय? ती दे.”

गोदानं पिशवी मुठीत आवळली. काय देणार?

“हिनं उचलली, म्हनून हिला धरलीया,” साळू म्हणाली आणि प्रभाच्या हातानं प्रभाच्याच छातीवर थाप मारली. “पर जाळलीस तू. माजं दे. न्हाईतर तुजं दे.”

आणि प्रभाचं बोट गोदाच्या पोटाकडं.

नलूबाईंनी वळून गोदाकडं पाहिलं. तेव्हा त्यांना कळलं. गुपित फुटलं ते असं.

आणि प्रभा उठली. धोंड्याच्या पलीकडं कडा आहे. ताशीव. दगड टाकला तर पडल्याचा आवाज येत नाही. प्रभा एकेक पाऊल मागं, मागं, कड्याकडं सरकायला लागली. तोंडानं अंगाई गुणगुणत. “बोल लवकर. हिला घिऊन जाऊ, का तुज्या पोटातलं दितीस?”

आता बघा हं पेच! इकडं नणंद. सकाळपासून जीव खाल्लेली. पण फळीवरून खाली उतरवलं तीही तिनंच. आणि तिकडं पोटातलं. एकाचं नाव घेतलं की दुसरं गेलं.

गोदाला आईची शिकवण आठवली. घाबरलीस तर हाताला काम दे, हात थरथरायचा थांबतो. तिनं सॅक खाली टाकली, गोधडी ओढून काढली, मांडीवर घेतली आणि तिथंच, वाटेवर, फतकल मारून बसली.

“थांब,” म्हणाली. “जाळली मी, तर शिवूनही मीच देते. तोवर माझ्या नणंदेला धोंड्यावर बसव.”

साळू थांबली. मान वाकडी केली. “शिवतीस?”

“शिवते.”

गोदानं गळ्यातली ओढणी काढली. साळू ओरडली, “नवं नगं! नवं टोचतं त्येला!”

खरं होतं तिचं. तान्ह्याला कधी कुणी नवं कापड घालतं का? जुनेर लागतं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. आणि ते कुठं होतं? गोधडीच्या वरच्या थरात! गोदाच्या आईचं वांगी रंगाचं लुगडं. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्या लुगड्याला अजून तिचा वास होता म्हणून तर गोदानं गोधडी डोंगरात आणली होती. स्लीपिंग बॅगेत आई असते का?

गोदानं डोळे मिटले, दात लावले, आणि टर्रर्रकन फाडलं.

कोपऱ्यात टोचलेली सुई काढली. आईचीच सवय, गोधडीत सुई ठेवायची, उसवलं की लगेच टाका घालायला. दोराही तिलाच गुंडाळलेला. आणि सुई बोटांत धरली मात्र, साळू दोन पावलं मागं सरली. लोखंड! गोदाच्या ध्यानात आलं. सुई हातात आहे तोवर ही मला शिवणार नाही. सुई ठेवली की संपलं.

साळूच्याही ते ध्यानात आलं होतं.

पहिला टाका घातला, आणि चौघींच्या बॅटऱ्या विझल्या. सगळ्या एकदम. गोदा अंदाजानं शिवायला लागली. बोटाला टोचत होती सुई. टोचू दे. टोचतेय म्हणजे आहे.

“गोदा!” अंधारातून नवऱ्याचा आवाज. “गोदा, मी आलोय न्यायला. हात दे.”

हात दिला नाही.

“गोदाताई, साप! पायावर साप!” मेघनाचा आवाज. मेघना तर तिच्या डाव्या हाताला बसून मुसमुसत होती. गोदानं पाय हलवला नाही.

मग पोटात कळ आली. ओळखीची कळ. मागच्या खेपेला आलेली, तीच. अगं बाई गं! गोदाला दोन्ही हातांनी पोट धरावंसं वाटलं. एका हातानं धरलं. दुसऱ्यातली सुई सोडली नाही.

आणि मग सगळ्यात वाईट. अगदी कानाशी. तोच जुना, दमेकरी, मायेचा आवाज.

“गोदे, माझं लुगडं फाडलंस गं? एवढंच राहिलं होतं माझं.”

आई.

इथं सुई सुटायची होती. सुटलीच होती. बोटांतून घसरून दोऱ्याला लोंबली. साळूच्या बांगड्या खळ्ळकन वाजल्या, गार वारा गोदाच्या तोंडावर आला, आणि कुणाची तरी ओली बोटं तिच्या ओटीपोटावर टेकली. टेकलीच! पण गोदानं दोरा ओढला. सुई हातात आली. बोटं उठली.

“माझ्या आईनं,” गोदा दातओठ खाऊन म्हणाली, “उघड्या लेकराला बघून स्वतः फाडून दिलं असतं. तू माझी आई नाहीस.”

आणि रडत रडत, पण टाके घालत राहिली. वर गोल. मागं पदर. हनुवटीखाली दोन बंद. शेवटची गाठ मारली, दातानं दोरा तोडला. उरल्या दोऱ्यासकट सुई आपल्या पदराला टोचून ठेवली, झग्याला काय ते, आणि कुंची पुढं केली.

साळूनं ती घेतली. चाचपली. हुंगली. गालाला लावली. आणि मग असा हंबरडा फोडला तिनं, की झाडावरची पाखरं अंधारात उडाली.

“रिकामी हाय! कुंची दिलीस, आत घालायला काय? रिकामी! दे त्यात घालायला! दे!”

आणि उठली ती. प्रभाचे केस उभे, हात लांब, बांगड्या वाजताहेत, आली चालून. मागणं संपतच नव्हतं! एक दिलं की दुसरं. भांडण असंच असतं, आणि भुताचं तर जास्तच. दिवसा सुरू झालेलं ते भांडण आता गोदाच्या अंगावर येऊन उभं राहिलं. सुई पदराला. हात रिकामे. मागं करवंदीची जाळी, पुढं साळू.

तेव्हा गोदा एक वाक्य बोलली.

एकच. ओरडून नाही. आणि त्या वाक्यानं ते भांडण संपलं. साळूचं आणि तिचं, प्रभाचं आणि तिचं, आणि त्या आधीचं, साळूचं आणि तिच्या त्या न वळलेल्या नणंदेचंसुद्धा. साळू जागच्या जागी थांबली. हळूच खाली बसली. बांगड्या एकेक करून निखळल्या, आवाज न करता. आणि प्रभा, दोरीवरचं लुगडं घसरून पडावं तशी, गोदाच्या मांडीवर पडली. कुंची कुठंच नव्हती. बॅटऱ्या आपोआप लागल्या. रातकिडे बोलायला लागले.

उजाडायच्या आधी चौघी खिंडीच्या या अंगाला, माझ्या दारात होत्या. चहा मीच दिला त्यांना, गुळाचा. प्रभाला काही म्हणता काही आठवत नव्हतं, फक्त हात कोपरापर्यंत दुखत होते आणि खाली उतरेपर्यंत तिनं गोदाला सॅक एकदाही उचलू दिली नाही, आपणच पुढं-मागं दोन्ही वाहिल्या. गोदाला पुढं मुलगी झाली. धडधाकट. तिची पहिली कुंची शिवली तीही वांगी रंगाचीच, उरलेल्या तुकड्यातून. नलूबाई मात्र पुन्हा डोंगर चढल्या नाहीत. भूगोल त्या नकाशावरून शिकवतात.

आता ऐका, आणि गाठ मारून ठेवा. त्या खिंडीनं जायचं नाही. दिवसा नाही, रात्री नाही. चौघी नाही, चाळीस नाही. खालून डांबरी झालीय, ती लांब पडते. पडू दे! आणि रानात कुणाचं ठेवलेलं दिसलं, तर ते कचरा की मागणं हे आधी कुणाला तरी विचारा. विचारायला गाव उरलं नसेल तर हात मागं घ्या. आणि नणंद-भावजय असाल, तर त्या डोंगराकडं बोटसुद्धा दाखवायचं नाही.

वाक्य? हां. त्याचसाठी बसलात ना सगळे! सांगते. पण पुढं या, डोकी जवळ आणा. ते मोठ्यानं सांगायचं वाक्य नव्हे. गोदानं साळूच्या हातातल्या त्या रिकाम्या कुंचीकडं पाहिलं, ओठावर बोट ठेवलं, आणि शेजारणीला सांगावं तसं हळूच म्हणाली,

“हळू बोल गं, साळू, बाळ आत्ताच निजलंय.”